हृदयाजवळचा सेन्सर, जांबोटीपुढची रेंज आणि आमचे बाबा

जांबोटीची_लेक
नमस्कार मंडळी. प्रश्न मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा ७१ वर्षांचे. आयुष्यभर प्राथमिक शाळेत मास्तर होते, आता गाव सोडायला तयार नाहीत. गाव जांबोटीच्या पुढे, जंगलाला लागून. मी बेळगावात टिळकवाडीला. सहा वर्षांपूर्वी अटॅक आला तेव्हापासून हार्टचं पंपिंग कमी झालंय, शेवटच्या इकोत २५ टक्के. दोन वर्षांपूर्वी छातीत मशीनही बसवून झालं. तरी या वर्षात तीनदा अ‍ॅडमिट केलं. तिन्ही वेळा तेच: संध्याकाळपर्यंत ठीक, रात्री आडवं झालं की दम. आई एक उशी देते, मग दुसरी, मग बाबा भिंतीला टेकून बसूनच राहतात. पहाटे कुणाची तरी गाडी उठवायची आणि पिरनवाडी येईपर्यंत त्यांच्या ओठांचा रंग बघत बसायचं. दवाखान्यात इंजेक्शनवर चार-पाच दिवसांत पाच किलो पाणी निघतं, घरी पाठवतात, दोन-तीन महिन्यांनी परत तेच.

भाऊ अमेरिकेत आहे. त्याच्या ओळखीतल्या एका आजोबांच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत एक छोटा सेन्सर बसवलाय. रोज सकाळी एका खास उशीवर झोपायचं, बटण दाबायचं, आकडा थेट दवाखान्यात. आकडा चढला की तिकडून नर्सचा फोन येतो, "आजपासून गोळी वाढवा." भाऊ म्हणतो, कुठेही नेऊन बसवूया, पैसे मी बघतो.

कुणाच्या घरी असं काही बसवलंय का? आणि आमच्या गावात फोन लावायला टेकाडावर जावं लागतं, तिथे त्याचा काय उपयोग?

कॅम्पातला
अनुभव नाही, खरं वाचतोय. माझ्या मामांचं पण पंपिंग ३० आहे.

अथणीचा_मामा
उशीवर झोपलं की दवाखाना जागा होतो, ही गोष्ट लई आवडली. ताई, बाबांना सांगा, आयुष्यभर पोरांची हजेरी घेतली, आता उशीला रोज हजेरी द्यायची.

खानापूर_ते_पुणे
मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही, तेव्हा फक्त यंत्राबद्दल लिहितो.

हा सेन्सर साधारण १५ मिलिमीटर लांब असतो, दोन्ही टोकांना तारेचे बारीक वेढे, त्यांनी तो वाहिनीत जागेवर राहतो. मांडीच्या शिरेतून नळी घालून, हृदयाच्या उजव्या बाजूने पुढे नेऊन सोडतात. छाती उघडावी लागत नाही. आत बॅटरी नाही, म्हणजे बदलायची भानगडही नाही. एक कॉइल आणि एक कपॅसिटर, बस्स. रक्ताच्या दाबाने कपॅसिटरची पातळ पट्टी लवते आणि त्याचा सूर सरकतो. उशीतली अँटेना रेडिओलहर सोडते, सेन्सर आपल्या त्या क्षणीच्या सुरात उत्तर देतो, त्या सुरावरून दाब कळतो. तबल्याच्या पुडीवरचा ताण बदलला की नाद बदलतो ना, कान तयार असला तर नुसत्या नादावरून ताण सांगता येतो. तसंच हे. एका वाचनाला २० सेकंदही लागत नाहीत.

रेंजचा प्रश्न सेन्सरला नाही, उशीच्या पेटीला आहे. आकडा बाहेर पाठवायला तिला नेटवर्क लागतं.

निपाणीची_सून
आमच्या सासऱ्यांना असं काही नव्हतं. तंबाखूच्या वखारीत जन्म गेला, विडीही सुटली नाही. शेवटची दोन वर्षं आम्ही फक्त पाय दाबून बघायचो. नडगीवर अंगठा रोवला की खळगा राहायचा. खळगा भरायला किती वेळ लागतो ते सासूबाई मोजायच्या. कुणी शिकवलं नव्हतं. आता वाटतं, तो खळगा दिसण्याच्या आधीही काहीतरी दिसत असणार, ते बघणारं कुणी नव्हतं.

हुक्केरीचा_गडी
मी विरोधात बोलतो, राग मानू नका. आमच्याकडे इकोसाठी चार दिवस फिरावं लागतं आणि आपण अमेरिकेच्या उशीची चर्चा करतोय. एक वजनकाटा घ्या. सकाळी उठून, लघवीला जाऊन, चहाच्या आधी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं की डॉक्टरला फोन. माझ्या आईला यावर चार वर्षं सांभाळलंय. पैसा असला म्हणून शरीरात प्रत्येक वस्तू घालायची गरज नाही.

सिस्टर_वडगाव
मी २२ वर्षं हृदयविभागात नर्स आहे. हुक्केरीच्या दादांचं निम्मं मला पटतं, म्हणून आधी ते सांगते.

आमच्याकडे एक आजी यायच्या. आकडे वाचता येत नव्हते. पाणी पूर्ण उतरल्यावरचं वजन आम्ही कागदावर लिहून दिलं, तो कागद देवघरात गेला. पुढच्या वेळी परत सुजून आल्या. तेव्हा त्यांच्या सुनेने डोकं लढवलं. घरचा काटा जुना, गोल चकतीचा. त्या चकतीवर, ठरलेल्या वजनाच्या दोन किलो पुढे, तिने कपाळाची लाल टिकली चिकटवली. आजींना एवढंच सांगितलं, "काटा टिकलीला शिवला की मला हाक मार." त्यानंतर दीड वर्ष आजी अ‍ॅडमिट झाल्या नाहीत. टिकली निघाली की सून नवी लावायची.

आता उरलेलं निम्मं. टिकली उपयोगी पडली कारण हाक ऐकायला सून घरात होती, आणि सुनेचा फोन उचलायला मी होते. ती दुपारी फोन करायची, मी डॉक्टरांना विचारून लघवीची गोळी अर्धी की एक ते लगेच सांगायची. माझी बदली दुसऱ्या विभागात झाली तेव्हा मी माझा नंबर तिच्याकडेच ठेवला.

अथणीचा_मामा
खरं सिस्टर, वजन फसवतं पण. माझ्या थोरल्या भावाचं वजन महिनाभर जसंच्या तसं. आम्ही निवांत. तो आतून सुकत होता, मांड्या गेल्या होत्या, आणि तेवढंच पाणी पोटात भरत होतं. बेरीज तीच. काटा हललाच नाही. एका रात्रीत व्हेंटिलेटर.

सिस्टर_वडगाव
होय मामा, असं होतं. अशा माणसाच्या कंबरेचा घेर मोजायला हवा आणि उशा मोजायला हव्यात. वाईट वाटलं वाचून.

चिकोडीचा_डॉक्टर
उशिरा आलो, ओपीडी होती. थोडं लांबेल.

क्रम समजून घ्या. हृदय पुढे ढकलायला कमी पडायला लागलं की मागे फुप्फुसाच्या बाजूला दाब वाढतो. तो अनेकदा दोन-तीन आठवडे आधी चढायला लागतो. वजन आणि सूज त्याच्या बऱ्याच मागून येते, दम सर्वांत शेवटी. तुम्ही पहाटे गाडी शोधता तो या गोष्टीचा शेवटचा अंक असतो. सेन्सर पहिला अंक दाखवतो.

काम होतं का? २०११ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ५५० रुग्णांचा अभ्यास आला. सगळ्यांना सेन्सर बसवला, पण निम्म्यांचेच आकडे डॉक्टरांना दाखवले. ज्यांचे आकडे दिसत होते त्यांचं हार्ट फेल्युअरसाठी (म्हणजे हृदय असं कमी पडल्यामुळे) अ‍ॅडमिट होणं सहा महिन्यांत २८ टक्क्यांनी कमी झालं. त्यावर २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे हजार रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, त्याचा मुख्य निकाल स्पष्ट लागला नाही. मध्येच कोविड आला आणि सगळंच बदललं. २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या ३४८ रुग्णांत पुन्हा चांगला फरक दिसला, रुग्णांना स्वतःलाही बरं वाटत होतं. म्हणजे गोष्ट खरी आहे, जादू नाही.

पहिल्या अभ्यासातली मेख नीट बघा. सेन्सर दोन्ही गटांत होता. यंत्र तेच. फरक एवढाच की एका गटात कुणीतरी आकडा वाचून गोळ्या बदलत होतं.

याच्या उलट अभ्यासही आहे. २०१० साली अमेरिकेतच १६५३ रुग्णांना रोज एका स्वयंचलित फोनवर वजन आणि त्रास सांगायला लावलं. फायदा शून्य. बऱ्याच जणांनी फोन करणंच सोडलं. आणि जर्मनीत १५७१ रुग्णांच्या घरी नुसता वजनकाटा, बीपी आणि ईसीजीचं साधन दिलं, पण बर्लिनच्या केंद्रात चोवीस तास डॉक्टर-नर्स बसवले. तिथे दवाखान्यात वाया गेलेले दिवस कमी झाले, मृत्यूही कमी झाले. खेड्यातल्यांनाही शहरातल्यांइतकाच फायदा. हे आपल्या भागाने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ताई, आता तुमच्यासाठी. सेन्सरच्या आधी बाबांची गोळ्यांची चिठ्ठी इथे लिहा. त्रिवेंद्रमच्या नोंदवहीत हार्ट फेल्युअरचे १२०५ रुग्ण नोंदले होते. वर्षभरात जवळजवळ तिघांत एक दगावला, आणि पंपिंग कमी असलेल्यांपैकी पूर्ण औषधं घेऊन घरी गेलेले पाव भागच. चार प्रकारच्या गोळ्या लागतात आणि आता चारही स्वस्त कंपन्यांच्या मिळतात. त्यातली एक मधुमेहाची म्हणून ओळखली जाते, डॅपाग्लिफ्लोझिन. साखर नसली तरी पंपिंगसाठी देतात. "मला साखर नाही" म्हणून पुष्कळ लोक ती स्वतःच बंद करतात.

जांबोटीची_लेक
डॉक्टर, आत्ता आईला फोन करून विचारलं. तीन प्रकार चालू आहेत. ती साखरेची गोळी होती, बाबांनीच सोडली, अगदी हेच म्हणून: "मला कुठे शुगर आहे?"

चिकोडीचा_डॉक्टर
मग पहिलं काम ते. त्यांच्या डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा, स्वतःहून नको.

शहापूरचा_दादा
मिठाचं कुणी बोललंच नाही. आमच्या घरात जेवणात मीठ कमी केलं, आणि ताटात लोणचं, सांडगी मिरची, पापड तसेच. वडील म्हणायचे भाजी अळणी आहे, म्हणून लोणच्याची फोड मोठी. गावच्या जत्रेनंतर तिसऱ्या दिवशी दवाखाना ठरलेला.

निपाणीची_सून
आमच्याकडे सुकी मासळी.

सिस्टर_वडगाव
लग्नसराईत आमचा वॉर्ड भरतो, हे खरंच आहे. माझी सोबतीण धारवाडकडची, तिला मराठी फार येत नाही. डिस्चार्जच्या वेळी प्रत्येकाच्या हातावर हात ठेवून ती एवढंच म्हणते, "उप्पु बेड." म्हणजे मीठ नको. आमचे मराठी म्हातारे बाकी सगळं विसरतात, हे दोन शब्द विसरत नाहीत.

हुक्केरीचा_गडी
आणि खर्चाचं काय? महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले आरोग्य योजना जाहीर केली, इकडचं सरकार हरकत घेतं. आपण मधल्यामध्ये. आधी याचा निकाल लावा, मग…

कॅम्पातला
दादा, त्या योजनेचं कार्ड घेऊन कुठे कुठे चालतं हे कुणी नीट लिहिलं तर बरं होईल. इकडचं आयुष्मान कार्डही आहेच की.

व्यवस्थापक
मंडळी, योजनांसाठी वेगळा धागा काढा, मी वरती चिकटवून ठेवतो. सीमाप्रश्नाच्या बाकी चर्चाही तिकडे. इथे ताईंच्या बाबांबद्दलच बोलूया.

मशीनवाला_गणेशपूर
मी पेसमेकर वगैरे बसवताना ऑपरेशन थिएटरमध्ये असणारा तंत्रज्ञ. वरचं सगळं वाचलं, एक वाक्य सगळ्यांच्या नजरेतून सुटलं असं वाटतं.

ताई, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत, "दोन वर्षांपूर्वी छातीत मशीनही बसवून झालं." कुठलं मशीन? ओळखपत्र दिलं असेल, पाकिटात किंवा फायलीत. त्यावर काय लिहिलंय?

जांबोटीची_लेक
आईने पुतण्याकडून फोटो काढून पाठवला (टेकाडावर जाऊन!). सीआरटी-डी असं लिहिलंय. खाली मॉडेल नंबर.

मशीनवाला_गणेशपूर
मला वाटलंच होतं. नंबर मला मेसेजमध्ये पाठवा, इथे टाकू नका.

बाबांच्या छातीत सेन्सर दोन वर्षांपासून आहे. हे मशीन हृदयाच्या दोन्ही बाजू एका वेळी आकुंचन पावाव्यात म्हणून ठोके देतं, आणि घातक ठोका आला तर झटका देतं. पण त्याबरोबर बऱ्याच मॉडेलमध्ये आणखी एक काम असतं. हृदयातल्या तारेपासून गळपट्टीच्या हाडाखालच्या डबीपर्यंत ते अगदी बारीक करंट सोडतं आणि मधल्या फुप्फुसाचा विरोध मोजतं. उन्हाळ्यात पंपाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात आपण पाणी ओततो ना? ओल्या मातीतून करंट सहज जातो. तसंच फुप्फुस ओलं झालं की विरोध कमी होतो. रोजचा आकडा मशीन साठवत जातं. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये हृदयाचे आवाज, श्वासाचा वेग, रात्रीचे ठोके, दिवसभराची हालचाल हे सगळं एकत्र करून एक निर्देशांक काढतात. ९०० रुग्णांच्या एका अभ्यासात तब्येत जेवढ्या वेळा बिघडली त्यापैकी ७० टक्के वेळा तो निर्देशांक आधीच चढला होता, साधारण महिनाभर आधी.

हा विरोधाचा आकडा वाहिनीतल्या दाबाइतका नेमका नाही. न्यूमोनियातही घसरतो, डबी ठेवलेल्या कातडीखालच्या खिशात पाणी झालं तरी घसरतो. म्हणून नुसत्या त्याच्यावर गोळी बदलू नये, माणूस बघून बदलावी. पण जे आत आहेच ते वाचायला काय हरकत आहे?

बसवताना घरी ठेवायला एखादी पेटी दिली होती का? उशाशी ठेवायची, टेबलावरच्या फोनएवढी.

चिकोडीचा_डॉक्टर
गणेशपूरकर, मनापासून आभार. मीच सीआरटी आहे का हे विचारायला हवं होतं.

अथणीचा_मामा
मग एवढं हुशार मशीन आहे तर पाणी वाढलं की तिथेच वाजायला नको? घरातल्यांना कळेल की.

चिकोडीचा_डॉक्टर
मामा, हे करून बघितलंय. ३३५ रुग्णांच्या अभ्यासात मशीन छातीतच शिटी वाजवायचं. २०११ साली निकाल आला: शिटी वाजणाऱ्या गटात दवाखान्यात भरती उलट वाढली. छातीतून आवाज आला की माणूस घाबरतो, धावत येतो, आणि आला की भरती होतो. तोच इशारा गुपचूप नर्सकडे गेला आणि तिने शांतपणे "आज पाय कसे आहेत, रात्री किती उशा?" असं विचारलं तर गोष्ट वेगळी. २०१४ च्या एका अभ्यासात ६६४ रुग्णांच्या मशीनमधून माहिती रोज आपोआप जायची, आणि लाइपझिगच्या केंद्रातली माणसं ती बघून डॉक्टरांना जागं करायची. वर्षभरात त्या गटात १० मृत्यू, नेहमीच्या उपचारांच्या गटात २७.

गवळीवाट
थोडं विषयांतर. आमच्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात गव्यांसाठी शेताला सोलर झटक्याचं कुंपण असतं. असं मशीन असलेल्या माणसाने त्या बाजूला जावं का?

मशीनवाला_गणेशपूर
चांगला प्रश्न, आणि ताईंच्या गावासाठी कामाचा. त्या तारेला हात लावायचा नाही, कुंपण चालू असताना टेकायचं नाही, हातभर लांबून जायचं. तो ठोका हृदयाचाच समजून मशीन उगाच झटका देऊ शकतं. मोबाईल शर्टाच्या डाव्या खिशात नको, मशीनच्या विरुद्ध बाजूच्या कानाला लावायचा. वेल्डिंगच्या जवळ उभं राहायचं नाही. मिक्सर, टीव्ही, पंख्याचं काही नाही.

गवळीवाट
धन्यवाद. आमच्या काकांना सांगतो, तेच कुंपणाचं बटण बंद-चालू करतात.

जांबोटीची_लेक
पेटी सापडली.

रविवारी गावी गेले. आईला विचारलं तर ती म्हणाली, "ती होय? ती जपून ठेवली आहे." गोदरेजच्या कपाटात, माझ्या लग्नातल्या शालूच्या खाली, पांढऱ्या खोक्यात. वरची चिकटपट्टीही फोडलेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी डिस्चार्जच्या गडबडीत कुणीतरी हातात दिली, "घरी लावा" म्हणाले. किमती वस्तू, लाईट जाते-येते, जळेल म्हणून आईने कपाटात ठेवली. तिचा काही दोष नाही. मी रोज बेळगावातून फोन करत होते, मीही कधी विचारलं नाही.

पेटी लावली. बाबांच्या खाटेजवळ नारिंगी दिवा, रेंज नाही. पडवीत नाही, माळ्यावर नाही. पुतण्याने ती घेऊन अख्ख्या घराला प्रदक्षिणा घातली. परसात आईने तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून बघ म्हटलं, तिथे दोन काड्या आल्या. खरं वायर तिथपर्यंत पोचत नाही आणि पाऊस आहे.

मशीनवाला_गणेशपूर
ताई, रोज रेंज लागतेच असं नाही. फुप्फुसाचा आलेख मशीनमध्ये कित्येक महिन्यांचा साठलेला असतो. आठवड्यातून एकदा बाबा आणि पेटी दोघंही रेंजमध्ये आले, पेटी विजेला लावली आणि हाताने पाठवायचं बटण दाबलं तरी मागचं सगळं जातं. पाच-दहा मिनिटांचं काम. जांबोटीत ओळखीचं कुणी?

जांबोटीची_लेक
मेडिकलवाला बाबांचा विद्यार्थी आहे.

मशीनवाला_गणेशपूर
झालं तर. पण आधी मशीन बसवलं त्या दवाखान्यात विचारा, बाबांचं नाव त्यांच्या संगणकावर नोंदवलंय का, आणि आलेली माहिती कोण उघडून बघतं. त्या माणसाचं नाव आणि नंबर घ्या. बाकी सगळं यावर अवलंबून आहे.

हुक्केरीचा_गडी
मी माझा शब्द मागे घेतो. नवीन काही घालण्याबद्दल बोललो होतो, जे आत पडून आहे त्याबद्दल नाही. आमच्या आईच्या काट्यावरही उद्या टिकली लावतो.

जांबोटीची_लेक
नऊ दिवसांनी लिहितेय.

दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण माणसं वाईट नाहीत. बाबांची नोंद झालेलीच नव्हती. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने "हे कंपनीवाले बघतात" म्हटलं, कंपनीच्या फोनवर "हे डॉक्टर बघतात." तीन दिवस हेच. शेवटी एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी समोर बसवून नोंद केली. दुसऱ्या दिवशी जांबोटीच्या मेडिकलमध्ये बाबांना खुर्चीवर बसवलं, पेटी लावली, बटण दाबलं. दिवा हिरवा झाला तेव्हा मेडिकलवाल्याने टाळी वाजवली. बाबा सरळ बसले आणि म्हणाले, "हजर."

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मला आलेख दाखवला. एक रेघ, गेल्या वर्षभराची. तीन ठिकाणी ती उतारासारखी खाली गेली आहे. तिन्ही ठिकाणी मी तारखा ओळखल्या. फेब्रुवारीची भरती, मेमधली, आणि ऑगस्टची ती पावसातली रात्र. प्रत्येक उतार आम्ही गाडी शोधली त्याच्या दोन ते अडीच आठवडे आधी सुरू झालेला. त्या दिवसांत बाबा मजेत होते, मेमध्ये तर आम्ही आंबे उतरवत होतो. मी त्या पडद्याकडे बघत राहिले. हे सगळं लिहिलं जात होतं, आणि पेटी शालूखाली होती.

आता चौथा उतार सुरू झालाय, थोडासा. त्यांनी बाबांना फोनवर विचारलं, पायमोजा काढल्यावर वण राहतो का? राहतो म्हणाले. लघवीची गोळी अर्धीची एक केली. साखरेची गोळीही पुन्हा चालू. पहिल्या तीन दिवसांत वजन ६१.२ वरून ५९.९.

आणि ठरवून घेतलं: पेटी सोमवारी पाठवायची, मंगळवारी दुपारपर्यंत त्यांच्याकडची सिस्टर उघडून बघणार, काही असो नसो, मला मेसेज करणार. "काही नसलं तरी करा," असं मी दोनदा म्हटलं. मेसेज आला नाही तर बुधवारी मी फोन करणार. त्यांनी तो नंबर फायलीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिला.

भावाला सांगितलंय, अमेरिकेच्या उशीचं पुढे बघू.

सिस्टर_वडगाव
डोळे भरून आले ताई. बुधवारचं तुम्ही ठरवलंत ते सगळ्यांत चांगलं केलंत. कामात बुडालेल्या माणसालाही आठवण लागते.

एक विसरू नका: गोळी वाढवली आहे, तर आठवड्याने रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासून घ्या. उठताना चक्कर आली, लघवी एकदम कमी झाली, तर सोमवारची वाट बघू नका.

कॅम्पातला
मी कालच मामांच्या घरी जाऊन फाईल काढली. कार्डावर नुसतं डीडीडीआर लिहिलंय. त्यालाही पेटी असते का?

मशीनवाला_गणेशपूर
तो साधा दोन तारांचा पेसमेकर. सगळ्यांना नसते, काहींना असते. नंबर पाठवा, बघून सांगतो. आणि मामींना विचारा, कपाटात पांढरं खोकं आहे का.

जांबोटीची_लेक
सिस्टर, रक्त तपासायला उद्या बाबांना खानापूरला नेते. आज सकाळचं वजन ५९.६, उशी एक. आईने काट्यावर टिकली लावली आहे.